वस्तीतली ताई, ऑफिसातल्या मॅडम

शाळांमध्ये काम करणाऱ्या संस्थांतून येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. "आमच्याकडे कुणी जात पाहतच नाही, मग हा विषय काढून मनं कशाला दुखवायची?" हे बहुतेकदा संस्थाचालक विचारतात. "सात वर्षं वस्तीतला वर्ग चालवते. माझ्या हाताखाली काम शिकलेल्या दोघी आज माझ्या मॅडम आहेत. बोलले तर काम राहील का?" हे विचारणारी ताई नाव सांगू नका अशी विनंती करते. तिसरा प्रश्न तरुण कार्यकर्त्यांचा असतो: "गुरुजी मुलाला जातीवरून बोलले, मी ऐकलं. तक्रार केली तर शाळेत पाऊल ठेवू देणार नाहीत. काय करू?"

तिन्ही प्रश्न एकाच घरातले आहेत. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त, मुस्लिम आणि कष्टकरी बहुजन घरांतली मुलं मोठ्या संख्येने शिकतात. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेचा जिना मात्र चढत गेलात की वरच्या मजल्यावर माणसं वेगळ्याच घरांतली दिसतात. मुलांना समता शिकवण्याचे खेळ, गाणी, पोस्टर पुष्कळ आहेत. त्याबद्दल या लेखात काही नाही. इथे बोलायचंय ते या जिन्याबद्दल आणि शाळेच्या दाराबद्दल.

आधी पगारपत्रक उघडा

सर्वेक्षणाचा फॉर्म लगेच काढू नका. पगारपत्रक, मानधनाची यादी आणि गेल्या तीन वर्षांत सोडून गेलेल्यांची नावं एका टेबलावर ठेवा आणि एवढंच बघा:

- पगार कुणाला आणि मानधन कुणाला? सुट्टीच्या महिन्यात कुणाचे पैसे थांबतात?
- वस्तीतून आलेली माणसं कुठल्या पायरीवर थांबली आहेत, आणि किती वर्षं?
- कुठली शाळा घ्यायची, पैसे कशावर खर्च करायचे, कुणाला नेमायचं, हे ठरतं तेव्हा खोलीत कोण असतं?

बऱ्याच संस्थांना एवढ्यातच उत्तर मिळतं, आणि ते फारसं आवडत नाही. पण नेमके आकडे हवे असतील तर आडनावांवरून अंदाज बांधू नका. गायकवाड, जाधव, पवार ही आडनावं मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, पवार तर पारध्यांतही आहेत. माहिती हवी असेल तर विचारायलाच हवं, आणि विचारताना काही पथ्यं पाळायला हवीत. माहिती देणं ऐच्छिक असावं आणि 'सांगायचं नाही' हा पर्याय छापलेला असावा. जात विचारू नका, प्रवर्ग विचारा: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, खुला. धर्म वेगळ्या रकान्यात घ्या. कशासाठी विचारतो आणि कागद कुणाच्या कपाटात राहील, हे आधी लिहून द्या.

लहान संस्थांची अडचण वेगळी. पंधरा माणसांत निनावी असं काही नसतं. एकच पारधी कार्यकर्ता असेल तर 'अनुसूचित जमाती – १' हा आकडा म्हणजे त्याचं नावच. अशा ठिकाणी फॉर्मच्या भानगडीत पडू नका. बाहेरच्या विश्वासू माणसाला प्रत्येकाशी एकेकटं बोलू द्या आणि मंडळापुढे आकडे न ठेवता मुद्दे ठेवा.

मुलांच्या बाबतीत आणखी सावध राहा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जातीचा रकाना असतो आणि मुख्याध्यापक ते सहज पुढे सरकवतात. ती माहिती उतरवून घेऊ नका, तिचा फोटो तर मुळीच काढू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती मागितली आहे, आणि तुमच्या एक्सेल शीटमध्ये ती बहुधा नसते. जाता जाता आपले जुने अहवालही चाळा. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तरी देणगीदारांना जाणाऱ्या कागदांत 'महारवाडा', 'मांगवाडा' अजून सापडतात, फोटोखाली मुलाच्या पूर्ण नावासकट.

जाहिरातीतली गाळणी

'इंग्रजीवर प्रभुत्व, स्वतःची दुचाकी व लॅपटॉप, सामाजिक क्षेत्राची आवड, पहिले तीन महिने विनामानधन.' अशी जाहिरात मीही एकदा लिहिली आहे, आणि अर्ज आल्यावर 'वस्तीतून कुणी अर्जच करत नाही' असंही म्हटलं आहे. दुचाकी आणि लॅपटॉप ज्याच्या घरी आहे, तीन महिने ज्याचं घर त्याच्या पगारावाचून चालतं, तोच त्या गाळणीतून खाली उतरणार. पुढच्या खेपेला आम्ही दुचाकीची अट काढली आणि एसटीचा पास संस्थेने काढून दिला, तेव्हा अर्जांचा गठ्ठा बदलला.

एक गैरसमज दूर करतो. खासगी विश्वस्त संस्थेला नोकरीत आरक्षण बंधनकारक नाही. संविधानातलं कलम १६ सरकारी नोकऱ्यांपुरतं आहे. पण 'वस्तीतल्या, तसंच अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्त समाजांतल्या उमेदवारांना प्राधान्य' असं तुम्ही छापलंत तर तुम्हाला कुणी अडवत नाही. छापा. तोंडी प्राधान्य हे ओळखीच्या माणसालाच मिळतं.

मुलाखत इंग्रजीत घेऊन कामाचा अंदाज येत नाही. उमेदवाराला पाऊण तास वर्गात उभं करा, एका पालकाशी बोलायला लावा. त्या दिवसाचा प्रवासखर्च द्या.

खरी अडचण बढतीत आहे. 'ताई मुलांबरोबर सुरेख काम करतात, पण रिपोर्ट लिहिता येत नाही' या वाक्यावर किती जणींची वर्षं गेली असतील! रिपोर्ट म्हणजे सीएसआरवाल्यांना पाठवायचा इंग्रजी ईमेल. ते कौशल्य लागतं, पण प्रत्येक पायरीवर लागत नाही. यावर तीन वाटा आहेत. एक, फिल्डचा अहवाल मराठीत किंवा व्हॉइस नोटवर घ्या आणि इंग्रजी करण्याचं काम ऑफिसातल्या एकाच माणसाला द्या. दोन, ताईंना कामाच्या वेळेत, पगारी, वर्षभर इंग्रजी आणि संगणक शिकवा. तीन, वर्ग आणि वस्ती सांभाळणाऱ्यांसाठी वेगळी पगारश्रेणी करा, म्हणजे वर चढायला फिल्ड सोडावं लागणार नाही. मला तिसरी सगळ्यात जास्त पटते, आणि ती सगळ्यात कमी ठिकाणी दिसते. कारण प्रपोजलमध्ये 'प्रोग्रॅम मॅनेजर' या ओळीला पैसे मिळतात आणि 'ज्येष्ठ वस्ती-शिक्षिका' या ओळीवर प्रश्न येतो. तो प्रश्न येऊ द्या, त्याचं उत्तर देणं हे संचालकांचंच काम आहे.

दलित सहकारी एकटाच असेल तर त्याला संस्थेचा 'जातीचा तज्ज्ञ' करू नका. १४ एप्रिलचं भाषण त्याने करायचं, समतेची कार्यशाळा त्याने घ्यायची, देणगीदार आले की आपली कहाणी त्यानेच सांगायची, असं चालतं. त्याला गणित शिकवायला नेमलं होतं.

'पानी' म्हणणारं मूल

तिसरीच्या वर्गातली गोष्ट. एक मुलगी उभी राहून सांगत होती, "म्या आज लई लांबून पानी आनलं." पुढे विहिरीची, कुत्र्याची, सांडलेल्या हंड्याची भन्नाट गोष्ट होती. आमच्या नव्या स्वयंसेवक ताईंनी मायेनेच थांबवलं: "पानी नाही बाळा, पाणी. म्या नाही, मी." मुलीने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबवली गेली आणि खाली बसली. हंडा कसा सांडला ते आम्हाला कळलंच नाही. ती पुढे कित्येक दिवस वर्गात आपणहून बोलली नाही.

जातीचा अपमान शिवीतून होतो तसा दुरुस्तीतूनही होतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याला तो कळत नाही. म्हणून इथे थोडे नियम करून टाका:

- बोलताना मुलाचा उच्चार सुधारायचा नाही. मजकुराला दाद द्यायची, पुढचा प्रश्न विचारायचा.
- 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द संस्थेतून हद्दपार. 'घरची भाषा' आणि 'पुस्तकातली भाषा' म्हणा. मुलांना दोन्ही यायला हव्यात, हेही स्पष्ट सांगा. परीक्षा पुस्तकातल्या भाषेत असते आणि ती न शिकवणं हाही अन्यायच.
- भिंतीवर दोन्ही शब्द लावा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी वा माडिया, नंदुरबारला भिली, पावरी. शब्द मुलांच्या आज्यांकडून गोळा करा.
- स्टाफ मीटिंगमध्येही तेच. कुणाच्या न-ण वर हसू फुटलं तर प्रमुखाने तिथल्या तिथे थांबवायचं.

शेवटचा नियम सगळ्यात अवघड. ताई मीटिंगमध्ये का बोलत नाहीत, असं विचारणाऱ्या मॅडमांना मी उलट विचारतो: त्या शेवटचं बोलल्या तेव्हा काय झालं होतं, आठवतंय का?

डबा, पूजा आणि ६ डिसेंबर

'कार्यालयात मांसाहार आणू नये' अशी पाटी काही संस्थांत असते, काही ठिकाणी पाटी नसते पण सगळ्यांना माहीत असतं. वासाचं, स्वच्छतेचं कारण दिलं जातं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका स्वयंपाकघरातलं एका पंगतीला जेवत होती. आपल्या ऑफिसात शंभर वर्षांनी सुकटीचा डबा जिन्यात बसून खावा लागत असेल तर पाटी काढा. सगळ्यांना लागू असा एकच नियम पुरतो: जेवल्यावर टेबल पुसायचं.

ऑफिसात सत्यनारायण नको, आणि शाळेतल्या आपल्या कार्यक्रमात कुणाला आरती म्हणायची सक्ती नको. सुट्ट्यांच्या यादीत १४ एप्रिल आणि ईद असते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्याला मात्र आजारी असल्याचं खोटं सांगावं लागतं. प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या तीन सुट्ट्या द्या, कारण विचारू नका.

शाळेशी करार करताना

इथे शहरी संस्थांना एक कानगोष्ट सांगायला हवी. सरकारी शाळांतल्या शिक्षकभरतीत आरक्षण आहे, तुमच्या संस्थेत नाही. त्यामुळे अनेकदा समोरचे गुरुजी बौद्ध, वंजारी किंवा आदिवासी घरातले, शिकणारी पहिली पिढी असतात आणि बावीस वर्षांची तुमची फेलो त्यांना 'संवेदनशील' व्हायला सांगत असते. गुरुजी गप्प बसतात आणि केंद्रप्रमुखांकडे तुमची तक्रार करतात. मला त्यात त्यांची चूक वाटत नाही. शाळेत पहिला महिना शिकवायला जाऊ नका. बसा, बघा, शिक्षकांना विचारा.

सामंजस्य करार गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाशी होतो. पण तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचून दाखवा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा, निम्म्या स्त्रिया आणि वंचित गटांतल्या पालकांना प्रमाणात जागा असायला हव्यात. कागदावर त्या असतातच. प्रत्यक्ष बैठकीला त्या पालकांना बोलावणं जातं का, हे तुम्ही वस्तीत असता म्हणून तुम्हालाच कळतं.

करारात ही वाक्यं घाला:

- मुलाच्या सुरक्षिततेबद्दल किंवा भेदभावाबद्दल लेखी माहिती देणं हा कराराचा भंग मानला जाणार नाही.
- उपक्रमासाठी मुलं कुठल्या निकषावर निवडली, हे समितीला दाखवलं जाईल. ('हुशार मुलं द्या' म्हटलं की कुठली मुलं मिळतात, ते एकदा तपासा.)
- शिष्यवृत्ती किंवा दाखल्यांच्या कामासाठी मुलांना प्रवर्गावरून वर्गात उभं केलं जाणार नाही. यादी पालकांशी थेट बोलून होईल.
- स्वच्छतेचं काम द्यायचंच तर पाळीने, सगळ्या मुलामुलींना.

तिसऱ्या वाक्याला शाळा सहसा हरकत घेत नाहीत. "एससीवाले हात वर करा" हे शिक्षक दुष्टपणाने म्हणत नाहीत. त्यांना संध्याकाळपर्यंत पोर्टलवर माहिती भरायची असते. तो वेळ वाचवणारा माणूस तुम्ही दिलात, की वाक्य आपोआप थांबतं.

शाळेत काही घडलंच तर

मुलाला जातीवरून हिणवलं, खिचडीच्या पंगतीत वेगळं बसवलं, संडास धुवायला ठरावीक मुलांनाच पाठवलं. कार्यकर्त्याने त्या दिवशी काय करायचं, हे आधीच ठरलेलं असावं.

- त्याच संध्याकाळी, मुलाच्या शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका.
- आई-वडिलांना भेटा. पुढे जायचं की नाही, हे ते ठरवतील. गावात राहायचं त्यांना आहे. त्यांना कायदा सांगा, धीर द्या, ढकलू नका. मात्र लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायद्याने माहिती देणं बंधनकारक आहे. तिथे कुणाच्या इच्छेचा प्रश्न येत नाही.
- मुख्याध्यापकांशी आधी बोला, मग लेखी द्या आणि पोच घ्या.
- हाललं नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार. निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांना कलम १७ ने बंदी आहे.

मूल अनुसूचित जाती किंवा जमातीचं असेल आणि बोलणारा त्यांच्यापैकी नसेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीवरून शिवी देणं किंवा हेतुपुरस्सर अपमान करणं हा गुन्हा आहे. बाहेरचं कुणीही हजर नसताना चार भिंतींत झालेल्या बोलण्याला हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं. म्हणून तिथे कोण कोण होतं, हे टिपणात असू द्या. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही (कलम १८ अ). तपास उपअधीक्षकाखालचा अधिकारी करू शकत नाही. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, आणि पीडित व साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क आहे. मदतीसाठी १४५६६, मुलांसाठी १०९८.

सगळ्या वंचित मुलांना हा कायदा पोचत नाही, हे आधीच माहीत असू द्या. कैकाडी मूल विदर्भात बहुतेक ठिकाणी अनुसूचित जातीत मोडतं, पुणे किंवा सोलापुरात विमुक्त जातीत. अपमान तोच, कलम मात्र लागत नाही. अशा मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्याचीच वाट धरावी लागते.

आता मूळ भीतीबद्दल. शाळेचं दार बंद होईल का? कधी कधी होतं. म्हणून तक्रारीवर कार्यकर्त्याची सही नको, संस्थेची हवी. वीस हजारांच्या नोकरीवर असलेल्या पोराने एकट्याने गावाशी वैर घ्यावं, ही अपेक्षा करणारे संचालक मी पाहिले आहेत.

तक्रार आपल्याच ऑफिसातली असेल तर

दहा किंवा अधिक माणसं कामावर असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कायद्याने हवीच. जातीच्या भेदभावासाठी खासगी संस्थांवर तसं बंधन नाही, म्हणून नियम तुम्हालाच करावा लागतो. दोन पानं पुरतात: तक्रार कुणाकडे द्यायची, संचालकांविरुद्ध असेल तर कुणाकडे, समितीत बाहेरचा एक सदस्य, साठ दिवसांची मुदत आणि तक्रारदाराची बदली करायची नाही.

ताई, तुम्हाला वेगळं सांगतो. बढती नाकारली गेली तर कारण लेखी मागा, रागाने नको, साध्या अर्जाने. आपल्या कामाची वही स्वतःकडे ठेवा: किती मुलं, कुठली शाळा, कुणाला काम शिकवलं. जातीवरून अपमान झाला असेल तर संस्थेची चौकशी सुरू आहे म्हणून पोलिसांकडे जाता येत नाही, असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या असतात. 'आपण घरचीच माणसं, मिटवून टाकू' असं म्हणत सही मागितली तर कागद घरी आणा, वकिलाला किंवा विश्वासातल्या माणसाला दाखवा.

विश्वस्त मंडळात जागा

हे सगळं करूनही वरचा मजला तसाच राहिला, तर पाच वर्षांत खालची घडी पुन्हा विस्कटते. घटनेत दुरुस्ती करून मंडळातल्या निदान दोन जागा ज्यांच्या मुलांसाठी संस्था चालते त्या समाजांतल्या माणसांना द्या. माजी विद्यार्थी, पालक, वस्तीतले जुने कार्यकर्ते, कुणीही चालेल. एक जागा देऊ नका, एकटा माणूस मान डोलावायला शिकतो. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो लांबवला की नवा विश्वस्त सहीपुरताही उरत नाही, आणि हे लांबणं नेमकं अशाच वेळी होतं.

बैठक बुधवारी सकाळी अकराला ठेवलीत तर रोजंदारीवर जाणारे विश्वस्त येणार नाहीत आणि इतिवृत्तात 'गैरहजर' म्हणून नोंद होत राहील. रविवारी दुपारी, वस्तीजवळच्या शाळेत ठेवा. विषयपत्रिका मराठीत आणि आठ दिवस आधी पोचू द्या, हिशेबाचे आकडे फोनवर समजावून सांगा, प्रवासखर्च त्याच दिवशी रोख द्या. शाळेची चावी मात्र मुख्याध्यापकांकडून शनिवारीच मागून ठेवा.